पौड फाटा व्हेरियंट

कोथरूडातून एआरएआयच्या रस्त्यानं वर चढलं की वेताळ टेकडी लागते. पुण्यात याहून उंच जागा नाही. माथ्यावर वेताळाचं देऊळ आहे, जवळ जुन्या खाणीत साठलेलं पाणी आहे, सकाळी फिरायला येणारे आजोबा आहेत आणि नशीब असेल तर मोर आहेत. पलीकडच्या अंगानं उतरलं की पाषाण. पाषाणात राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा, म्हणजे एनआयव्हीचा, परिसर आहे. देशातले सगळ्यात धोकादायक विषाणू हाताळता येतील अशा मोजक्या प्रयोगशाळांपैकी एक तिथं आहे.

आता यात रिचर्ड बर्टन या साहेबाला आणू. त्यानं १८७० साली वेताळपंचविशीतल्या काही गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाचा व्हॅम्पायर करून टाकला. आपला वेताळ खरं तर रक्त पीत नाही. तो प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लटकतो आणि प्रश्न विचारून जीव खातो. पण साहेबाचा हिशेब मान्य केला, तर आमच्या टेकडीच्या माथ्यावर व्हॅम्पायर आहे आणि पायथ्याशी विषाणू. इतकं आयतं दाराशी असताना गेम ट्रान्सिल्वेनियात कशाला न्यायचा?

गेम म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. स्क्रीन नाही, सोंगट्या नसल्या तरी चालतात. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि बोलणं. एक जण जीएम होतो, जग आणि त्यातली संकटं सांभाळतो. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र असतं, त्याची ताकद, तब्येत, कौशल्यं एका कागदावर लिहिलेली असतात. 'मी दार उघडतो' असं खेळाडू म्हणतो, मग दाराआड काय आहे ते जीएम सांगतो. १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला तेव्हापासून हे असंच चालू आहे.

आमच्यात जीएम मी. पोटासाठी औषधांची माहितीपत्रकं आणि रुग्णांची संमतिपत्रं मराठीत आणते, त्यामुळे नियम लिहायची खोड आहे. माझी मैत्रीण डॉक्टर आहे. तिचा नवरा येतो, कारण तिला रात्री गाडी चालवायचा कंटाळा. खालच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा येतो. आणि बँकेतून निवृत्त झालेले काका येतात. ते कोणाचेच सख्खे काका नाहीत, सोसायटीचे काका आहेत. त्यांना ओढायला मला एकच वाक्य पुरलं होतं: 'काका, धारपांच्या लुचाईसारखं आहे, फक्त पुढं काय व्हायचं ते तुम्ही ठरवायचं.' धारप स्टीफन किंगवरून घेऊन गाव कसं घरामागून घर गिळलं जातं ते सांगतात, आणि काकांनी ते पुस्तक तरुणपणी रात्री बँकेच्या हिशेबाच्या वह्यांखाली लपवून वाचलेलं. ते आले.

व्हॅम्पायरला विषाणू करायचं हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. रिचर्ड मॅथिसननं १९५४ च्या 'आय ॲम लेजंड'मध्ये ते केलं. तिथं जंतू होता, विषाणू नव्हे, आणि नायक लायब्ररीत बसून पुस्तकं वाचून त्याच्या मागे लागतो. ही गोष्ट मला नेहमीच फार पुणेरी वाटत आली आहे. खेळांमध्ये १९९१ च्या 'व्हॅम्पायर: द मास्करेड'नं पिढ्यांचा हिशेब आणला: मूळ व्हॅम्पायरपासून जितकं लांब, तितकं रक्त पातळ आणि ताकद कमी. केनेथ हाइटच्या २०१२ च्या 'नाइट्स ब्लॅक एजंट्स'मध्ये तर जीएमनंच आधी ठरवायचं, की आपले व्हॅम्पायर अलौकिक आहेत, शापित आहेत, परग्रहावरचे आहेत की कुठल्याशा रोगानं वा प्रयोगानं बदललेली माणसं आहेत. एकदा ठरलं की लसूण चालेल का, क्रूस चालेल का, सगळं त्यावरून लागतं. मी चौथा पर्याय घेतला.

आणि मग डॉक्टर मैत्रिणीला विचारलं, की असा विषाणू कोणता शोभेल.

ती म्हणाली, 'शोभेल काय? आहेच की. रेबीज.'

चावल्यानं होतो. लाळेतून जातो. जखमेतून नसांच्या वाटेनं सावकाश मेंदूकडे चढतो, बहुतेकदा एक ते तीन महिने घेतो. मग झोप उडते, उजेड सोसत नाही, पाणी समोर आलं की घसा आवळतो, काही जण अंगावर धावून येतात. लक्षणं दिसली की उपाय जवळजवळ नाहीच. हुआन गोमेझ-अलोन्सो या स्पॅनिश डॉक्टरनं १९९८ साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात मांडलं होतं, की युरोपातल्या व्हॅम्पायरच्या दंतकथेचं मूळ रेबीजमध्ये असू शकेल. पटो न पटो, जीएमसाठी सोन्याची खाण आहे. रेबीजच्याच कुळातला एक विषाणू आपल्या महाराष्ट्राच्या नावावर आहे: चंदिपुरा. नागपूरजवळच्या त्या गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात १९६५ साली पुण्याच्या याच संस्थेला तो सापडला. तेव्हा तिचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर होतं. तो पसरवते वाळूमाशी, आणि वाळूमाशीचं जेवण रक्त. खरे रक्तपिपासू असे असतात, मिलिमीटरमध्ये मोजायचे. रक्त पिणारी वटवाघळं मात्र आपल्याकडे नाहीत. जगात त्यांच्या तीनच जाती आहेत आणि त्या तिन्ही अमेरिका खंडांत. आपल्या बिचाऱ्या वटवाघळांची बदनामी फुकटची आहे.

तर मूळ विषाणू लिहिला. चावा, तीन रात्री, तिसऱ्या रात्री तब्येतीचा फासा. बारा किंवा वर पडलं तर वाचलात, खाली पडलं तर उलटलात.

कागदावर छान दिसत होतं. इंजिनिअरिंगच्या मुलानं त्याचं गणित मांडलं आणि सगळं कोसळलं. फासा कधी तारतो, पण एक व्हॅम्पायर रात्री एकालाच चावून थांबतोही कशाला? तेव्हा दोन्ही वजाबाक्या धरून आठवड्याला एका व्हॅम्पायरमागे एक नवा व्हॅम्पायर होतो, एवढं बेतानं धरू. एकाचे दोन, दोनाचे चार. अठराव्या आठवड्याला २,६२,१४४. कोथरूडात अडीच लाख माणसं आहेत असं धरलं, तर गणपतीत सुरू झालेली साथ संक्रांतीला संपते, कारण तिळगूळ द्यायला आणि घ्यायला माणूसच उरत नाही. 'मग आपण पाच जण कुणाशी खेळणार?' मुलानं विचारलं.

व्हॅम्पायरच्या सगळ्या गोष्टींचं हे जुनं दुखणं आहे. म्हणून तर लेखक मंडळी त्यांना आमंत्रणाशिवाय उंबरठा ओलांडू देत नाहीत, दिवसा पेटीत झोपवतात. हे सगळे भयाचे अलंकार नाहीत, संसर्गाचा वेग कमी करायच्या युक्त्या आहेत. आमच्या विषाणूलाही वेसण हवी होती, आणि खेळ महिनोन्‌महिने चालवायचा तर त्यानं रूपही बदलायला हवं होतं. म्हणून व्हेरियंट.

दुसरा व्हेरियंट लिहिताना मी २०२०-२१ समोर ठेवलं. यात चावलेला माणूस सहा आठवडे धडधाकट राहतो. उन्हात फिरतो, लसूण-शेंगदाण्याची चटणी खातो. आपण बाधित आहोत हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं आणि तोपर्यंत तो इतरांना देऊन बसतो. चावण्याचीही गरज नाही, रेझरची पाती पुरतात, दवाखान्यातली निष्काळजी सुई पुरते. खेळाच्या दृष्टीनं हा फार गुणी विषाणू निघाला, कारण टेबलावर प्रत्येक जण प्रत्येकाकडे संशयानं बघायला लागला.

नावं ठेवायचं काम मुलाकडे दिलं होतं. पहिला बाधित पौड फाट्याच्या पुलाखाली सापडला म्हणून मूळ विषाणू 'पौड फाटा'. दुसऱ्याला त्यानं 'डहाणूकर' म्हटलं. आम्ही सगळे हसलो, कारण बसलो होतो डहाणूकर कॉलनीतच. डॉक्टर मैत्रीण हसली नाही.

'गावाचं नाव नको,' ती म्हणाली. 'पेशंटला आधी पत्ता चिकटतो, मग आजार.'

तिचं म्हणणं खेळापुरतं नव्हतं. मार्च २०२१ मध्ये 'डबल म्युटंट' हा शब्द आला, त्यापाठोपाठ जगभर 'इंडियन व्हेरियंट', आणि मेच्या ३१ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेनं ग्रीक अक्षरं वाटायला घेतली तेव्हा त्याचा डेल्टा झाला. एखाद्या देशाला, गावाला डाग लागू नये हाच त्यामागचा हेतू. चंदिपुराला ती सवलत मिळाली नाही. शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलालाही नाही. १९५७ साली तिथं माकडं पटापट मरू लागली, पुण्याच्या लोकांनी गोचिडांतून येणारा विषाणू ओळखला आणि जंगलाचं नाव कायमचं रोगाला लागलं. पुढे २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गात मोठ्या प्रमाणावर दिसला, तेव्हा तिथले लोक मात्र सरळ माकडताप म्हणू लागले. दोष माकडावर. माकड तक्रार करत नाही.

मुलगा म्हणाला, 'अगं मावशी, हे खोटं आहे ना पण?' त्यावर ती म्हणाली, '२०२० मध्ये आपल्या गेटवर बांबू बांधले होते तेव्हा तू आठवीत होतास.' मग त्यानं व्हेरियंटना स्वयंपाकघरातली नावं दिली. डहाणूकरचा 'उलथनं' झाला. 'पौड फाटा' मात्र जिभेवर बसला होता, तो राहिला. तिथं कोणी राहत नाही, फक्त सिग्नलला थांबतात, असा युक्तिवाद झाला आणि मान्यही झाला.

इथवर सगळी गंमत होती.

काकांचं पात्र म्हणजे पीएमपीचा कंडक्टर, कोथरूड डेपोच्या शेवटच्या बसवरचा. शस्त्र म्हणाल तर शिट्टी. पात्र निवडताना इतरांनी पोलीस, शास्त्रज्ञ, कुस्तीगीर घेतले होते. काका म्हणाले, 'रात्री साडेअकराला गावात कोण कुठं चाललंय हे कंडक्टरइतकं कोणालाच ठाऊक नसतं.' आणि ते खरंच निघालं. पहिल्या सहा शनिवारी खेळ त्यांनीच ओढला.

सातव्या शनिवारी शेवटच्या बसमध्ये त्यांना चावलं. 'पौड फाटा'च, साधा. तिसऱ्या रात्री त्यांनी फासा टाकला. चार.

नियम असा होता, आणि जवळपास सगळ्याच अशा खेळांत असा असतो: पात्र उलटलं की ते खेळाडूचं राहत नाही. कागद जीएमला द्यायचा. पुढे त्या पात्रानं काय करायचं, कुणाला चावायचं, ते जीएम ठरवतो. खेळाडू नवा कागद घेऊन नवं पात्र करतो. मी हात पुढे केला.

काकांनी कागदावर तळवा ठेवला. 'हा मी देणार नाही.'

आम्हाला वाटलं, थट्टा चालली आहे. मैत्रिणीचा नवरा म्हणालाही, 'काका, कंडक्टर गेला, आता ड्रायव्हर करा.'

काका त्याच्याकडे न बघता बोलायला लागले. फार बोलले नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये काकूंना नेलं तेव्हा दारात पीपीई घातलेल्या माणसानं सांगितलं होतं, की आता पुढचं आम्ही बघू. एक पिशवी घेतली, त्यात चार्जर, चष्मा, दोन गाऊन. दोन वेळा व्हिडिओ कॉल झाला, दुसऱ्या वेळी फोन धरणारा कोण होता ते दिसलं नाही. अकराव्या दिवशी निरोप आला. 'मी घरीच बसून होतो,' काका म्हणाले. 'माझी पाळीच आली नाही.'

डॉक्टर मैत्रीण त्या महिन्यात दुसऱ्या एका रुग्णालयात होती, पीपीईच्या आत. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, 'काका, तो फोन धरणारा बहुतेक वॉर्डबॉय असणार. आमच्याकडे तेच धरायचे.' काकांनी मान हलवली. मुलानं उगाच सगळे फासे रंगांप्रमाणे ओळीत लावले. मी चहा टाकला. त्या रात्री पुढे खेळलो नाही, कागद काकांच्या खिशात घरी गेला.

रविवारपासून मी तिसरा व्हेरियंट लिहायला घेतला. एकच अट होती: बाधिताचा कागद बाधिताकडे राहील. पण मग तो काय करणार? ताकद तीच ठेवली तर तो सगळ्यांना संपवतो, ताकद काढली तर नुसता बसून राहतो. म्हणजे पुन्हा पाळी नाहीच. तीन दिवस अडले. साहेबाच्या व्हॅम्पायरमधून काही निघेना. शेवटी आपल्या वेताळाकडे गेले.

पंचविशीतला पेच आठवा. राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघालाय. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. आणि बोललास तर मौन मोडलं, वेताळ परत झाडावर. राजा प्रत्येक वेळी बोलतो आणि प्रत्येक वेळी परत जातो. वेताळाला एकही अस्त्र लागत नाही. विषाणू काही विचारत नाही, त्याच्यापाशी कुणाचंच काही चालत नाही. वेताळ विचारतो, म्हणून त्याच्याशी खेळता येतं.

तर नवा नियम. तिसऱ्या व्हेरियंटचा बाधित टेकडीवर राहतो. इतरांनी त्याला खांद्यावर घेऊन रात्रीच्या रात्रीत पाषाणला पोचवायचं. वाटेत बाधित खेळाडू एकच प्रश्न विचारतो, खेळात खरोखर घडलेल्या गोष्टीबद्दल. ज्यांना उत्तर ठाऊक आहे ते गप्प राहिले तर दर खेपेला त्यांचा तब्येतीचा एक गुण जातो. कोणीही खरं उत्तर दिलं तर बाधित पुन्हा टेकडीवर. प्रयोगशाळेत पोचल्यावर काय होईल, हे मात्र मैत्रिणीनं मला लिहू दिलं नाही. ती म्हणाली, तिथं तपासतात, नमुना ठेवतात, नाव देतात. उपचाराची खात्री लिहिलीस तर मी खेळणार नाही. काकांचीही त्याला हरकत नव्हती. त्यांनी फक्त एक ओळ घालून घेतली: सोबत आलेल्यांना आत बसता येईल.

मुलानं वाचलं आणि म्हणाला, 'बोललो तरी हरलो, गप्प बसलो तरी हरलो. जिंकायचं कसं?'

'पंचवीस वेळा जायचं,' काका म्हणाले. मग त्यांनी आणखी एक भर घातली. त्यांचं आजोळ सिंधुदुर्गातलं, आरवलीच्या बाजूचं. तिथला वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या चपला वाहतात. आणि केळ्यांचे घड. तेव्हा प्रत्येक खेपेला उचलणाऱ्याचा चपलांचा एक जोड झिजेल, असं सामानाच्या यादीत लिहिलं. मुलाच्या कुस्तीगिराकडे आता एकही जोड शिल्लक नाही.

खांद्यावर घेण्याचा नियम लिहिताना मला सारखं १८९७ आठवत होतं. त्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचल्या, त्यांना लागण झाली आणि १० तारखेला त्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमध्ये 'ड्रॅक्युला' प्रसिद्ध झाली. स्टोकरच्या आईनं १८३२ ची स्लायगो गावातली कॉलऱ्याची साथ लहानपणी बघितली होती आणि मुलासाठी लिहूनही दिली होती. जूनच्या २२ तारखेला गणेशखिंडीच्या रस्त्यावर, आमच्या टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, रँडवर गोळी चालली. लोकांचा राग रोगावर नव्हता. घरात घुसून बायामाणसं तपासणाऱ्या, माणसं उचलून छावणीत नेणाऱ्या गोऱ्या सोजिरांवर होता. 'ड्रॅक्युला'त आमंत्रण लागतं ते राक्षसाला. पुण्यात तो प्रश्न तपासायला येणाऱ्यांचा होता. आणि २०२० मध्ये उलटंच झालं, उंबरठ्याच्या आत यायला कोणी तयार नव्हतं, डबे दाराबाहेर ठेवून बेल वाजवून लोक जिना उतरायचे. मीही काकांच्या दारात तसेच डबे ठेवले आहेत. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

काकांचा पहिला प्रश्न नेमका तोच होता, खेळातला. चावल्यानंतर दुसऱ्या रात्री कंडक्टर मुलाच्या पात्राच्या घरी गेला होता. 'मी दारात उभा होतो, अजून उलटलो नव्हतो. तू "या" का म्हणाला नाहीस?'

गप्प राहता आलं असतं, एक गुण गेला असता. मुलगा फाशाशी चाळा करत राहिला आणि म्हणाला, 'भीती वाटली काका.' 'खरं आहे,' काका म्हणाले आणि पेन्सिलीनं कागदावर लिहिलं: टेकडीवर. आम्ही पुन्हा चढायला लागलो.

तेव्हापासून आठ खेपा झाल्या. तिसऱ्या व्हेरियंटला अजून नाव नाही. मुलाच्या वहीत ती जागा कोरी आहे. सगळ्यात लांब आम्ही गेल्या शनिवारी पोचलो. खाण ओलांडली, पाषाणची उतरण लागली, खाली दिवे दिसायला लागले. तिथं काकांनी नववा प्रश्न विचारला.

'शेवटच्या बसला आता माझ्या जागी कोण असतं?'

उत्तर तिघांनाही माहीत आहे. कंडक्टर गेल्याच्या आठवड्यातच डेपोनं दुसरा माणूस लावला, हे मीच त्यांना त्या वेळी सांगितलं होतं आणि त्याच्याच बसनं ते दोनदा फिरले आहेत. कोणी बोललं नाही. प्रत्येकाचा एकेक गुण खोडला. डॉक्टर मैत्रिणीच्या पात्राकडे आता दोनच उरलेत. साडेबारा वाजले होते, मुलाची सोमवारी परीक्षा, म्हणून उतरणीवरच थांबलो. या शनिवारी तिथूनच पुढे.